सकिनाखालाचा फेरा

सकिनाचं माहेर मोहल्ल्याच्या एका टोकाला आणि सासर दुसऱ्या टोकाला. लग्नाच्या दिवशी पाठवणी झाली, मशिदीला वळसा घातला आणि सासर आलं. रडायला पुरेसा रस्तासुद्धा मिळाला नाही, असं ती पुढे हसून सांगायची. बाप भांड्यांना कल्हई लावायचा. आई लवकर गेली, म्हणून लहानपणी बापाचा भाता आणि नवसागराची पुडी सांभाळत ती त्याच्या मागोमाग पनवेलच्या आळ्याआळ्यांतून हिंडली होती. कल्हई परसदारी लावतात. त्यामुळे गावातल्या घरांचे दर्शनी दरवाजे तिला ओळखता येत नसत, पण मागच्या विहिरी, केळी, कुणाच्या परसातून कुणाच्या बोळात निघता येतं, हे सगळं पाठ. माणसांची ओळख तर त्याहून जास्त, कारण भांडं उजळेपर्यंत बायका उभ्या राहून बोलतात, आणि पोरीसमोर काय बोलावं याचं भान कुणाला राहत नाही.

नवरा अब्दुल्ला टांगा चालवायचा. गडी कष्टाळू आणि निर्व्यसनी, फक्त बोलायचा नाही. घोड्याशी दोन शब्द, उतारूशी एक. सकिनाला सुरुवातीला वाटलं, आपल्यावर काही राग आहे. वर्षभराने कळलं की स्वभावच तसा. मग तिने दोघांच्या वाटचं बोलायला सुरुवात केली. एक मुलगी झाली, ती वाढवून उरणला देऊन टाकली, आणि चाळिशीच्या आत सकिनाला दुपार रिकामी पडू लागली.

एकावन्न साली, भाताची झोडणी संपली त्या सुमाराची गोष्ट. अब्दुल्ला भरदुपारी टांगा घेऊन दारात आला आणि मागे बसलेल्या एका बुरख्यातल्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाला, "संध्याकाळपर्यंत ठेव."

एवढ्यावर सकिनाचं भागणार नव्हतं. एकेक शब्द ओढून काढल्यावर कळलं ते असं. मुलगी तळोज्याची, नाव फहमिदा. लग्नाला सहा महिने झाले होते. नवरा अय्यूब, त्याला जहाजावर भट्टीत कोळसा मारायची नोकरी लागली होती. सासरा भाताची बैलगाडी घेऊन गिरणीवर आला होता, त्याच गाडीतून ही नवऱ्याला निरोप द्यायला आली. सकाळच्या ठाण्याच्या गाडीने अय्यूब गेला. गिरणीवर गाड्यांची रांग. सासऱ्याला उन्हं उतरेपर्यंत सुटका नव्हती. स्टँडवर पुरुषांच्या गर्दीत सुनेला बसवून ठेवणं त्याला बरं वाटेना, म्हणून त्याने अब्दुल्लाला गळ घातली.

फहमिदा आत आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. चहा दिला, निवला. भाकरी दिली, तशीच राहिली. सकिनाने आपल्या मुलीच्या गोष्टी सांगितल्या, शेजारणीच्या सांगितल्या. पाठ काही वळेना. शेवटी सकिना उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "चल, तुला पनवेल दाखवते. पहिल्यांदाच आलीस ना? मग घरी गेल्यावर लोक विचारतील, काय पाहिलंस. भिंत पाहिली म्हणून सांगणार आहेस का?"

अब्दुल्लाने टांग्याला पडदा बांधला आणि तिघं निघाली.

सकिनाने तिला कापडबाजार दाखवला, मिरच्यांच्या पोत्यांनी भरलेली गल्ली दाखवली. तिथे नाकातोंडात मिरचीचा खकाणा गेला तेव्हा फहमिदा शिंकली, तेवढीच काय ती हालचाल. मग टांगा तुळशीराम सुताराच्या कारखान्यापाशी थांबवला. पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांना घाटावरून मागणी असे, आणि त्या दिवशी चाकाला धाव चढवायचं काम चाललं होतं. लोखंडाचं ते कडं गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चार माणसं चिमट्यांनी उचलतात, लाकडी चाकावर बसवतात आणि वरून घागरी ओततात. पाणी पडताच चर्र होऊन वाफेचा लोट उठतो, आणि लोखंड आक्रसून लाकडाला असं आवळतं की आतले आरे कुरकुरतात. सकिनाला हे बघायला लहानपणापासून आवडे. तिने बाजूला पाहिलं तर फहमिदा स्वतःच्या मेंदीच्या हातांकडे पाहत होती.

पनवेलच्याच वडाळ्याच्या तळ्यावर दोघी पायरीवर बसल्या. सकिनाने कमळं दाखवली, पाणकोंबड्या दाखवल्या, पलीकडे कर्नाळ्याचा सुळका दाखवला. बोलून बोलून तिच्याच घशाला कोरड पडली. तेव्हा पोरीने दिवसभरातला पहिला शब्द काढला, तोही मावशीला म्हणतात तसा खाला म्हणून.

"खाला, मुंबई कुठल्या बाजूला?"

सकिनाला मुंबईची दिशा माहीत नव्हती. ती कधी गेलीच नव्हती. अब्दुल्लाला टांगा बंदराकडे घ्यायला सांगून तिने तिथे पडावावर कौलं भरणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारलं, आणि त्याने हात केला त्या बाजूला फहमिदाला उभं केलं. खाडीला ओहोटी लागली होती. चिखलात बगळे उतरले होते. फहमिदा त्या बाजूला बघत उभी राहिली, आणि सकिना तिच्या शेजारी. परत आल्यावर पोरीने निवलेली भाकरी खाल्ली. संध्याकाळी सासरा आला, सलाम करून सुनेला घेऊन गेला.

पण तळोज्यात गोष्ट पसरली. पनवेलला अब्दुल्लाच्या घरी बाईमाणसाची सोय होते, आणि त्याची बायको टांग्यातून गाव दाखवते. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एकीचा नवरा जहाजावर गेला, ती आली. मग ओवे गावची एक, मग महाडकडची गाडी चुकलेल्या दोघी बहिणी. त्या काळी पनवेल म्हणजे वाटांचा नाका. घाटावर जायचं, कोकणात उतरायचं, मुंबईची गाडी धरायची, तर इथे गाडी बदलावी लागे, आणि पुढची गाडी दोन तासांनी की चार तासांनी ते कुणी सांगू शकत नसे. पुरुष हॉटेलात बसत. बायका गाठोड्यावर बसून राहत, पाणीसुद्धा पीत नसत, कारण प्यायल्यावर जायचं कुठे. अशा बाईला अब्दुल्ला हाक मारायचा नाही. तो नुसता टांगा पुढे घ्यायचा आणि सकिना खाली उतरून विचारायची, "पनवेल पाहिलंय का?" नाही म्हटलं की तिचं काम सुरू.

टांग्याचं भाडं अब्दुल्ला घ्यायचा. सकिना वेगळं काही मागत नसे. कुणी नारळ देई, कुणी शेवग्याच्या शेंगा.

हळूहळू तिच्या हिंडण्याला एक रीत आली. बायका त्याला सकिनाखालाचा फेरा म्हणू लागल्या. माणसाला निरोप देऊन आलेली बाई असेल तर आधी बंदर दाखवायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आधी बाजार, कारण दुःख कितीही असलं तरी बांगड्यांवरून नजर घसरत घसरत का होईना, जाते. मग सुतारकाम, मग तळं. बाई तळ्यावर बोलली तर तिथेच बसायचं, आणि गाडी चुकली तरी उठायचं नाही. नवी लग्न होऊन आलेली असेल तर तिला विहिरी दाखवायच्या: कुठलं पाणी गोडं, कुठलं मचूळ, कुठल्या वेळी कुठे पुरुष नसतात. शाळेत नोकरीवर आलेल्या दमयंतीबाईंना तिने सगळ्यांत आधी शाळेमागचा गोड्या पाण्याचा आड दाखवला, तेव्हा बाई हसल्या. पण महिनाभराने मुद्दाम घरी येऊन म्हणाल्या की गावातली एवढी एकच माहिती खरी उपयोगी पडली.

देवस्थानं तिच्या फेऱ्यात सगळी असत. बल्लाळेश्वराच्या देवळाशी हिंदू बायकांना उतरवून ती बाहेर पारावर त्यांची गाठोडी सांभाळत बसे. मशिदीत बायका जात नाहीत, म्हणून तीही बाहेरून. शनवार तेल्यांचं, म्हणजे इथल्या यहुदी लोकांचं प्रार्थनाघर होतं, तेही रस्त्यावरून. पारशांची अग्यारी, तिथे तर पारशांखेरीज कुणालाच प्रवेश नाही. अशी पनवेलमधली सारी देवस्थानं सकिनाला बाहेरून तोंडपाठ होती. कुणी विचारलं, आत काय आहे, तर ती म्हणायची, "जे आत जातात त्यांना विचार. मी तुला सावली कुठली चांगली ते सांगते."

रोडपालीची हौसा नावाची एक आगरीण तिची कायमची झाली. हौसाचा नवरा मुंबईत गिरणीत होता आणि त्याला भाकऱ्या आणि सुकी मासळी पोचवायला ती महिन्यातून एकदा यायची. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "बाई, तुमच्या वट्यावर आमी बसनार, पानी पन आमचंच पिनार, तुमच्या घरातलं काय खानार नाय. राग धरू नका."

सकिनाने राग धरला नाही. हौसा आपली भाकरी सोडून ओट्यावर खायची, सकिना आतल्या बाजूला आपली खायची, आणि मधल्या उंबरठ्यावरून दोघींच्या गप्पा चालायच्या.

तीनेक वर्षं अशी गेली आणि मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. जमातीतले एक वजनदार बुजुर्ग होते, त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणत. त्यांनी अब्दुल्लाला बोलावणं पाठवलं. बोलणारी सकिना, आणि जाब द्यायला जाणार हा. अब्दुल्ला घोड्याला वैरण घालून गेला आणि घटकाभरात परत आला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही."

खरं काय झालं ते तिला आठ दिवसांनी शेजारणीकडून कळलं. हाजीसाहेबांनी बरंच सुनावलं. तुझी बायको परक्या बायकांना घेऊन बाजार हिंडते, उद्या आमच्या घरातल्याही हिंडायला लागतील, हे शोभतं का. अब्दुल्लाने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "साहेब, आपल्या सूनबाईंच्या माहेरच्या पाहुण्या आल्यात. उद्या सकाळी टांगा लावायला आपल्याच घरातून निरोप आलाय. नाही म्हणून कळवू का?"

हाजीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. मग पडदा नीट बांधत जा, एवढंच बोलले. त्यानंतर कुजबुज थांबली.

हे ऐकलं त्या संध्याकाळी सकिनाने नवऱ्याच्या आवडीचं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलं आणि तो दोनदा भात घेऊन जेवला.

छप्पन्न साली फहमिदा पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी ती एकटी होती. बुरखा जुना झाला होता आणि मेंदी नव्हती. अय्यूब मध्ये एकदा येऊन तीन महिने राहून गेला होता. त्यानंतर वर्षभर पत्रं आली, पैसे आले; मग पत्रं आखडली, आणि गेल्या पावसाळ्यापासून काहीच नाही. त्याच्याबरोबर जहाजावर असलेला एकजण गावी आला, त्याने डर्बनला त्याला पाहिलं होतं. जिवंत आहे, बंदरातच कुठे काम करतो, आणि तिथे त्याचं घर आहे, असं तो बिचकत बिचकत म्हणाला. घर आहे म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. पोरबाळ नव्हतं. सासरा वारला होता. दीर-जावा वाईट नव्हत्या, पण ताटात वाढताना आता हात आखडत होता.

सकिनाने सगळं ऐकून घेतलं. रडू आलं तर येऊ दे म्हणून थांबली, पण फहमिदा रडली नाही. तिने चहा संपवला आणि म्हणाली, "खाला, मला परत एकदा पनवेल दाखवा. त्या दिवशी तुम्ही दाखवलंत, पण मी काहीच पाहिलं नाही."

पुन्हा टांगा जोडला. सकिना नेहमीसारखं सांगू लागली आणि लवकरच तिच्या ध्यानात आलं की आजची बाई वेगळी आहे. कापडबाजारात फहमिदाने कापड पाहिलं नाही. दुकानामागे ओटीवर बसून झबली शिवणाऱ्या बाईला दिवसाचे किती कपडे होतात, ते विचारायला लावलं. मिरचीच्या गल्लीत देठं खुडायला कोण बायका येतात, त्यांच्या हातांची आग कशाने जाते, ते विचारलं. भाताच्या गिरणीशी टांगा थांबवायला सांगून पाखडणाऱ्या बायकांकडे पाहत राहिली. बंदरावर मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या कोळणींकडे बघून म्हणाली, "ह्या पहाटे कुठून निघतात?"

सकिनाला उत्तरं येत होती. परसदारांतून वाढलेली मुलगी ती. कोण काय करून खातं, हे तिला ठाऊक नसून कसं चालेल. पण इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. ती तळी, चाकं, कमळं दाखवत राहिली होती. त्या दिवशी तिलाच आपलं गाव निराळं दिसलं. कुठल्याही गल्लीत मान वळवावी, तर एखादी बाई मान खाली घालून कामाला लागलेलीच.

परत येताना फहमिदा म्हणाली, "मी इथेच राहीन म्हणते."

सकिनाने अब्दुल्लाच्या पाठीकडे पाहिलं. तो घोडा हाकत होता. थोड्या वेळाने मागे न वळताच म्हणाला, "मागची खोली रिकामी आहे."

पहिले काही महिने फहमिदा गिरणीवर पाखडायला गेली. दर आठवड्याला टपाल कचेरीत जाऊन पत्र आहे का विचारायची. आतला माणूस न बघताच मान हलवायचा. वर्षभराने तिने जाणं सोडलं. तोवर सकिनाच्या ओट्यावर एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. फेरा करून आलेल्या बायकांना भूक लागलेली असे, आणि सकिना आपल्यातलं वाढे. पण चार-पाच जणी आल्या की पुरत नसे. फहमिदाच्या हाताला चव होती. तांदळाच्या पातळ भाकऱ्या, सोड्यांचं कालवण, कधी सांदणं. स्टँडवर बातमी गेली की पुरुष नसलेली खाणावळ मोहल्ल्यात आहे. ओट्याला नारळीच्या झापांचं छप्पर आलं, मग पत्र्याचं. फहमिदाने गिरणीवर जाणं सोडलं. हौसा अजूनही आपलीच भाकरी खायची, पण फहमिदाला चुलीसाठी लाकडं कुठल्या गाडीवाल्याकडून घ्यायची ते तिनेच सांगितलं आणि पहिल्यांदा स्वतः उभी राहून मापून दिली.

बासष्टच्या मार्च महिन्यात, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, ठाण्याच्या गाडीतून एक माणूस उतरला. अंगात विलायती कोट, हातात पत्र्याची पेटी, कानापाशी केस पांढरे. तो टांग्याशी आला आणि तळोज्याला जायचंय म्हणाला. अब्दुल्लाने त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. याच स्टँडवर अकरा वर्षांपूर्वी त्याने हा चेहरा गाडीच्या खिडकीत पाहिला होता. तो "बसा" म्हणाला आणि टांगा सरळ आपल्या घरी आणला. त्याला बाहेरच ठेवून आत येऊन सकिनाच्या कानाशी म्हणाला, "अय्यूब आलाय."

फहमिदा चुलीपाशी भाकरी थापत होती. सकिनाने सांगितलं. फहमिदाने हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, उलटली.

"कसा दिसतो?"

"थकलाय."

"त्याला ठाऊक आहे का, मी इथे आहे?"

"नाही. तळोज्याला निघालाय."

फहमिदाने फुगलेली भाकरी उतरवली. मग म्हणाली, "मला थोडा वेळ पाहिजे, खाला."

सकिनाने ओढणी घेतली आणि टांग्यात जाऊन बसली. अब्दुल्लाला काही सांगावं लागलं नाही; त्याने तळोज्याच्या रस्त्याला पाठ करून घोडा बाजाराकडे वळवला. अय्यूबने विचारलं, इकडून कुठे. सकिना म्हणाली, "फार वर्षांनी आलात. पनवेल बदललंय. बघून घ्या."

तो थकला होता, त्याने वाद घातला नाही.

सकिनाने इतके फेरे केले होते, पण असा कधी केला नव्हता. टपाल कचेरीपाशी तिने टांगा थांबवायला सांगितला. "हे टपाल. इथे ती दर आठवड्याला यायची. वर्षभर."

"कोण?" अय्यूब म्हणाला.

पुढे गिरणी आली. "इथे ती पाखडायला होती. कोंडा डोळ्यात जायचा, रात्री गुलाबपाणी घालायचो." मग लाकडांची वखार आली. "इथून ती लाकडं आणते. मधे एकदा ओली लाकडं गळ्यात मारली होती, आता कुणी फसवत नाही." एकेका जागेशी सकिना थांबत होती, हात दाखवत होती, आवाज चढवत नव्हती. रागाने बोलायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं. बोलताना तिला राग आलाच नाही, एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या जागेनंतर अय्यूबने कोण म्हणून विचारणं सोडलं. पेटी मांडीवर घेऊन तो दोन्ही हातांनी धरून बसला होता.

वडाळ्याच्या तळ्याशी आल्यावर तो म्हणाला, "मी तिथे चूक केली. ते घरही राहिलं नाही."

"ते मला नका सांगू," सकिना म्हणाली.

"ती आहे कुठे?"

"भाकऱ्या करतेय."

टांगा दारात आला तेव्हा ओट्यावर जेवणाऱ्या बायकांची पंगत उठून गेली होती. फहमिदा बाहेर आली. तिने लुगडं बदललं नव्हतं, हाताला पीठ तसंच होतं. नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. अय्यूबने सलाम केला, तिने घेतला.

"ही बायकांची खाणावळ आहे," ती म्हणाली. "आत पुरुषांना बसवत नाही. ओट्यावर बसा, वाढते."

तो ओट्यावर बसला आणि जेवला. तिने दोनदा कालवण विचारलं. जेवण झाल्यावर त्याने हात धुतले, आणि अब्दुल्ला त्याला तळोज्याला सोडून आला. वाटेत अय्यूबशी काय बोललात म्हणून सकिनाने रात्री विचारलं, तेव्हा अब्दुल्लाने नुसती मान हलवली. तळोजा येईपर्यंत एकही शब्द झाला नव्हता.

सकिनाला वाटलं होतं, आता एक तर काडीमोड तरी होईल, नाही तर पोरगी गाठोडं बांधून जाईल. दोन्ही झालं नाही. अय्यूब भावाबरोबर शेती करू लागला. दुसऱ्या महिन्यात तो बैलगाडीतून तांदळाचं पोतं घेऊन आला, ओट्यावर उतरवलं, जेवला आणि गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा. एकदा पावसाआधी पत्रे ठोकून दिले. एकदा ताप होता, तर दोन दिवस मागच्या खोलीत राहिला, बरा होऊन परत गेला. फहमिदा तळोज्याला सणावारी जाऊन येई. लोकांनी पहिली दोन वर्षं विचारलं, हे काय म्हणून. मग विचारायचं सोडलं. सकिनाने एकदा आडून विचारलं, तेव्हा फहमिदा म्हणाली, "खाला, मला त्याची चीड नाही. पण चूल इथे आहे."

पुढे दिवा जंक्शनाहून रेल्वे आली. घोडा म्हातारा झाला, अब्दुल्लाही झाला. टांगा दारात उभा राहू लागला आणि त्यावर कोंबड्या बसू लागल्या. काही काळ सकिनाने बायकांना पायी फिरवलं. मग तिचे गुडघे धरले. ती ओट्यावर खांबाला टेकून बसायची आणि येणाऱ्या बाईला वाट सांगायची: इथून डावीकडे, मग सुताराचा कारखाना विचार, लाजू नकोस, मग तळं. बायका आता सकिनाशिवाय जायला बिचकत नव्हत्या. दोघी-तिघी मिळून जात आणि परत येऊन जेवायला बसत.

एकदा ओव्याची एक तरुण बाई, वेणू नावाची, पहिल्यांदाच पनवेलला आली होती. ती सांगितल्या वाटेने न जाता भलतीकडेच गेली आणि रेल्वे स्टेशन बघून आली. ओट्यावर बसून ती सकिनाला सांगू लागली: फलाट किती लांब हाय, इंजिन पानी कसं पितंय, आणि एक बाई हिरवं निशान दाखवत होती. ती बाई नसावी, असं फहमिदा आतून म्हणाली. वेणूने ठासून सांगितलं, बाईच होती.

सकिनाने स्टेशन अजून पाहिलं नव्हतं. ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "बरं, मग? निशाण दाखवल्यावर काय झालं?"